अवलंबून

“ह्या ओळीत काय लिवलंय नक्की?” भिकाने विचारलं.

प्रविणने कॉम्प्युटरवरून मान वर न करता सांगितलं, “म्हणजे निलमच्या पैशावर अवलंबून असं तुमच्या घरात कोणी नाय. तुमचं तुम्ही भागवता. आजवर तिनं पाठवलं ते घर बांधायला. घर झालं, आता पैशाची गरज नाय. बस एवढंच. इथं सही करा, मी फोटो काढून तिला टाकतो.”

भिकाने पेन हातात घेतलं. कागद इंग्रजीत होता. चौथीपर्यंत शिकलेल्या भिकाला त्यातलं फक्त स्वतःचं नाव ओळखता येत होतं.

“आणि अदितीचं कुठं लिवलंय?”

आता प्रविणने मान वर केली. तलासरी नाक्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. दाखले, पासपोर्ट, ऑनलाइन अर्ज, सगळ्यांची कामं तो करायचा, आणि निलम परदेशी जाताना तिचेही कागद त्यानेच भरले होते. माणूस भला होता.

“काका, अदितीचं नाव घालायचंच नाय. निलमच बोलली तसं.”

“का?”

“बँकेला तिनं पहिलंच लिहून दिलंय, माझ्यावर कोणी अवलंबून नाय. आता तुम्ही पोरीचं नाव घातलंत तर ती खोटी पडंल. सही करा ना, दुकानात गर्दी हाय.”

भिकाने पेन टोपण लावून काउंटरवर ठेवलं. “उद्या येतो,” एवढंच बोलला आणि कागद घडी करून खिशात घातला. 

भिका वरठाने उभी हयात आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काढली. रोजंदारीवर लागला आणि रोजंदारीवरच घरी बसला. कायम करण्याच्या गोष्टी झाल्या, यादीत नाव लागलं नाही. पेन्शन नाही. पाड्यावर पावसापुरती भातशेती आणि तिच्या कडेने त्याच्या बायकोने, जिवलीने, लावलेला भाजीपाला. पण त्याच आश्रमशाळेत त्याची एकुलती एक लेक निलम शिकली, नर्स झाली. तिचा नवरा हायवेवर गाडीखाली गेला तेव्हा अदिती अजून रांगतही नव्हती. दोन-तीन वर्षं निलमने डहाणूच्या एका दवाखान्यात ड्युट्या केल्या आणि मग परीक्षा देऊन आयर्लंडला गेली. पोर आजा-आजीकडे राहिली.

निलम दर महिन्याला पैसे पाठवायची. त्यातून घराला स्लॅब पडला, जिवलीच्या शुगरच्या गोळ्या आल्या, अदितीचे बूट, दप्तर, शिकवणी झाली. तिकडे निलम मात्र चार नर्सांमध्ये एका भाड्याच्या घरात राहत होती. एक खोली, तीही दुसरीबरोबर वाटून. तिथे पोरीला आणणार कुठे? भाड्याची घरं मिळत नाहीत, मिळाली तर लहान मूल म्हटल्यावर मालक नाही म्हणतो. म्हणून तिने ठरवलं होतं, घर विकतच घ्यायचं. नोकरी पक्की होती, चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन पहिला हप्ता तिने साठवला होता. पण बाहेरदेशच्या माणसाला कर्ज देताना तिथली बँक दहादा उलटसुलट तपासते. राहायचा परवाना किती दिवसांचा, उद्या नोकरी सुटली तर हे माणूस विमानात बसून निघून तर जाणार नाही, पगारातलं किती कुठे जातं. त्यात बँकेला दिसलं की दर महिन्याला मोठी रक्कम भारतात जाते. कोणाला? का? पुढेही जाणार का? आठ दिवसांत खुलासा हवा होता. नाहीतर जे घर ठरलं होतं ते दुसऱ्याला.

संध्याकाळी निलमचा फोन आला. तिच्याकडे दुपार होती; मागे हॉस्पिटलच्या कँटीनमधला भांड्यांचा आवाज येत होता.

“बाबा, सही का नाय केली? प्रविणचा मेसेज आला मला.”

“अगं, पोर नाय असं कसं लिवायचं?”

“पोर नाय असं कुठं लिहिलंय? फक्त तिचं नाव नाय.”

“तेच की ते.”

 ती एकदम भरभरून बोलायला लागली. “बाबा, पोर धरून कर्ज मागितलं तर किती कमी देतात, तुम्हाला माहीत नाय. इथल्या बाया बोलल्या, लिहू नको, कोण बघतंय. मी लिहिलं नाय. आता मागं कसं फिरू? मी हे सगळं कोणासाठी करतेय? तिलाच आणायचंय ना? घराला मागं छोटं अंगण आहे. शाळा चालत जायच्या अंतरावर. मी खिडकीतून बघून आले शाळा.”

“तू रडू नको.”

“नाय रडत. शुक्रवारपर्यंत द्या, बाबा.” आणि तिची सुट्टी संपली म्हणून तिने फोन ठेवला.

अदिती ओट्यावर बसून पाढे लिहीत होती. तिसरीत होती, कान मात्र मोठ्या माणसाचे.

“आजा, आईचं घर झालं?”

“होतंय.”

“मंग मी कधी जायची?”

“होऊ दे तरी,” भिका म्हणाला आणि उगाच बैलाच्या गोठ्याकडे गेला. बैल विकून दोन वर्षं झाली होती. गोठ्यात आता फक्त सरपण होतं. त्यातली चार लाकडं त्याने या बाजूची त्या बाजूला रचली.

जेवताना जिवली म्हणाली, “कर ना सही. कागद तिकडं सात समुद्रापार जाणार. पोर हितं डोळ्यांसमोर हाय. कागदात नाय म्हटलं म्हणून ती नाहीशी होते का?”

“मग तिला तिकडं नेताना काय सांगायचं? कुठून उगवली बोलायचं?”

“ते पुढचं पुढं.”

अदिती झोपायला आत गेली तशी जिवली हळूच म्हणाली, “नायतर नको करू. घर नाय झालं तर... पोर राहील आपल्याकडं.” बोलून गेली आणि तिचा चेहरा असा पडला की भिकाला तिच्याकडे बघवेना. ताटं उचलून ती बाहेर घासायला गेली.

भिकाच्या छातीत ते वाक्य रुतून बसलं. कारण ते त्याच्याही मनात होतं. दुकानात पेन खाली ठेवलं तेव्हा आपल्याला खरंच खोट्याची लाज वाटली, की पोर हातची जाईल याची भीती वाटली?  सही केली तर नातीला आपल्या हाताने पुसून टाकायची. नाही केली तर लेकीचं घर आपल्या हाताने मोडायचं. आणि सही न करण्यात आपलाच फायदा आहे, ही गोष्ट तर त्याला आणखीच जाळत होती.

दुसऱ्या दिवशी तो प्रविणकडे गेला नाही. टमटममध्ये बसून अच्छाडला गेला.

अच्छाडला गुजरात सीमेच्या चेकपोस्टच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली असते, आणि रांगेच्या कडेने ढाबे. त्यातला एक दक्षाबेनचा. नवरा गेल्यावर तिनेच तो चालवला होता. आश्रमशाळेत असताना भिका तिच्याकडून कधीमधी मसाला घ्यायचा, तेवढीच ओळख.

“दक्षाबेन, काम हाय का?”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

ती हसली. “भिकाभाई, या उमरमां? तंदूरच्या तोंडाशी उभं राहावं लागते. माझे पोरगे पळून जातात बे महिन्यांत.”

“दोनशे पोरांचं जेवण केलंय मी रोज. उभं राहायची सवय हाय.”

“पण तुमची मुलगी तर फॉरेनला आहे ने? पैसा नाय पाठवती?”

“पाठवते. तेच थांबवायचंय,” भिका म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, ह्या फारशा ओळखीच्या नसलेल्या बाईसमोर बाकड्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. बँकेचं, कागदाचं, पोरीचं. जिवली काय बोलली ते मात्र सांगितलं नाही. दक्षाबेन ऐकत होती आणि मधूनच गल्ल्यावरच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होती.

शेवटी तिने विचारलं, “रोटी गोल येते?”

“येते.”

“तर उद्यापासून या. आणि लिहून पण देईन, कामावर आहे म्हणून. मारी सही चालेल तिकडे?”

“चालेल की नाय ते प्रविणला विचारतो,” भिका म्हणाला. किती दिवसांनी त्याला हसू आलं.

प्रविणने डोक्याला हात लावला. “काका, हे तुम्ही काय लिहायला सांगताय? बँक लोन कापंल. निलम मला शिव्या घालंल.”

“मी सांगतो तिला. तू लिही.”

भिका एकेक वाक्य सांगत गेला, प्रविण इंग्रजीत लिहीत गेला. माझी नात अदिती माझ्याकडे राहते. तिची आई तिच्यासाठी पैसे पाठवते. आमचं घर बांधायलाही तिनेच दिले. नात आईकडे गेली की पैसे पाठवायची गरज नाही. मी ढाब्यावर स्वयंपाकी आहे, मी आणि माझी बायको त्यावर राहू. माझ्या लेकीने नातीचं नाव लिहिलं नाही, ते घाबरून लिहिलं नाही. ती आमची एकुलती एक आहे.

“हे शेवटचं नको,” प्रविण म्हणाला. “बँकेला त्याचं काय?”

“राहू दे.”

प्रविणने राहू दिलं. भिकाने सही केली.

मग त्याने निलमला फोन लावला. बँकेत पाठवायचं की नाही ते तूच ठरव, पण मी सही केलेला कागद हा एवढाच, असं सांगितलं. निलमने ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. त्यानंतर तिचा फोन येणं बंद झालं.

ते दिवस भिकाला फार जड गेले. सकाळी तो टमटमने अच्छाडला जायचा, तंदूरसमोर उभा राहायचा, संध्याकाळी पाय सुजवून परत यायचा. आल्या आल्या जिवलीला विचारायचा, “आला?” ती मान हलवायची. फोनच्या बॅटरीत काही बिघडलं असेल म्हणून त्याने प्रविणकडून तो तपासूनही घेतला. अदिती आईशी बोलायचं म्हणून हट्ट करायची, मग रुसून झोपायची. आपण काय करून बसलो, हा विचार भिकाच्या डोक्यातून जात नव्हता. खरं बोलून लेकीला परक्या गावात तोंडघशी पाडलं. तिला परत पाठवलं तर? नोकरीवर गदा आली तर? एकदा कढईतली फोडणी करपली तरी त्याला कळलं नाही. दक्षाबेनने स्वतः येऊन कढई उतरवली.

मग एका रविवारी फोन वाजला.

“बाबा, कागद दिला मी. अदितीचं पण सांगितलं. सुधारून घेतलं.”

“मग?”

“ते घर गेलं.”

भिका भिंतीला टेकून खाली बसला.

“पण लोन नाय गेलं,” निलम म्हणाली. “कमी देणार. त्या बँकेतली बाई बरी होती. बोलली, आधीच लिहायला पाहिजे होतं. तेवढंच बोलली. आता कमी पैशातलं शोधायचं, लांबचं.” मग म्हणाली, “तुम्ही खरंच ढाब्यावर जाता?”

“जातो ना.”

“बाबा...”

“अगं, भट्टीजवळ थंडीत बरं वाटतं,” भिका म्हणाला. तेव्हा थंडी सरून होळीची लाकडं जमवायला लागले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

घर मिळालं ते हॉस्पिटलपासून बसने तासाभराच्या अंतरावरचं. दोन खोल्या, जिना अरुंद, मागे अंगण नाही. निलमने किल्ली हातात धरलेला फोटो पाठवला. त्यात ती दमलेली दिसत होती आणि हसत होती. परवाना, तिकीट यात शाळेचं आणखी एक वर्ष संपलं. मे महिन्यात निलम आली आणि अदितीला घेऊन गेली. मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दारापर्यंतच सोडतात. अदिती पुढे गेली, वळून पुन्हा आली, जिवलीच्या पदराला तोंड पुसलं आणि पळत आईकडे गेली.  पाड्यावर पोचल्यावर जिवलीने शेजारणीकडे ठेवलेल्या कोंबड्या आणल्या आणि अंधार पडायच्या आत त्यांना दाणे टाकले.

आता पैसे येत नाहीत. भिकानेच नको म्हणून सांगितलं आहे. जिवलीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, नसल्या तर ढाब्याच्या पगारातून येतात.

परवा एक पंजाबी ड्रायव्हर तंदूरजवळ खाट ओढून जेवायला बसला होता. चेकपोस्टला गाड्या अडकल्या होत्या, त्याला घाई नव्हती. भिकाने गरम रोटी ताटात टाकली तेव्हा त्याने सहज विचारलं, “चाचा, बच्चे कितने?”

“एक लड़की. आयर्लंड में है. नर्स.”

“अच्छा! किराये पे रहती होगी. बहुत महँगा है उधर.”

“नहीं,” भिका म्हणाला. “खुद का घर है. बेटी के साथ रहती है.”

ड्रायव्हरने कौतुकाने मान हलवली, रोटीचा तुकडा मोडला. “फिर आप नहीं गए?”

भिकाने पिठाचा गोळा हातावर घेतला, थापून थापून मोठा केला, आणि वाकून तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवला.

“इधर काम है,” तो म्हणाला.