पाचरी सांभाळणारी ताई

मित्रांनो, मी जुना आहे, जाडा आहे आणि तिरकाही आहे. तिन्हींपैकी कशाचीच मला लाज वाटत नाही. मी छापखान्यातला लाकडी अक्षरांचा संच. माझी शिरोरेषा आडवी, पण खालचे दांडे असे झुकलेले, की अक्षरं शर्यतीला निघालीत असं वाटावं.

ज्या सुताराने मला कोरलं, त्याने माझे ठोकळेही तिरकेच कापले. त्यामुळे चौकटीत ओळ बसवली की दोन्ही टोकांना तिकोनी फट उरते. तिथे लाकडाची पाचर ठोकावी लागते, नाहीतर सगळी ओळ घरंगळते.

एके काळी सर्कस म्हणू नका, सायकलशर्यत म्हणू नका, नवा साबण म्हणू नका, सगळीकडे मीच! लोक मला रस्त्यापलीकडून वाचायचे. बारीक मजकूर मला मानवत नाही, आणि कुजबुजणं तर माझ्या रक्तातच नाही. एकदा मालकांनी हौसेने मला शोकपत्रात बसवलं. गेलेले आजोबा धावत सुटल्यासारखे दिसू लागले! चूक मालकांची, बोल मात्र मला. माझी रवानगी वरच्या खणात झाली. पुढे पाचरी सापडेनात, म्हणून मला मोडीतच काढलं. वीस वर्षं धूळ खाल्ली मी. राग यायचा, फार यायचा.

परवा एक हॉटेलवाला आला. "सुटी सुटी द्या. भिंतीवर शोभेला एकेक टांगतो," म्हणाला. मालक एका पायावर तयार! एकटं अक्षर कुणाला काय सांगणार?

तेवढ्यात दवाखान्यातली नर्स धावत आली. दवाखाना गावाबाहेर हलवायचा घाट घातला होता. विरोधाची सभा दुसऱ्या दिवशी होती आणि तिच्या नाजूक अक्षरांच्या पत्रकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"ताई, लांबून दिसेल असं काहीतरी करा ना," ती म्हणाली. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. अक्षरं जुळवण्यात तिचा जन्म गेला.

ताईने माझा खण ओढला.

"पाचरी कुठायत त्याच्या?" मालक म्हणाले. "उगाच वेळ नको घालवूस, ताई."

ताईने आपला शिवणाचा डबा उघडला. दोऱ्याच्या रिळांखाली माझ्या पाचरी!

"लाकडाचे तुकडे समजून तूच केरात टाकल्या होत्यास. मी उचलून ठेवल्या. म्हटलं, बघू हा कधी विचारतो ते. वीस वर्षांत आज विचारलंस!"

ओळी बसल्या, पाचरी ठोकल्या, शाई चढली. 'दवाखाना इथून हलणार नाही! उद्या सभेला या!' ओला कागद तारेवर टांगला, तर समोरचा सायकलवाला दुकानात बसूनच मोठ्याने वाचू लागला.

"अहो, माझी अक्षरं बांधून देताय ना?" हॉटेलवाल्याने विचारलं.

मालकांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा ताईकडे.

"नाही देता येणार," ते म्हणाले. "ती कामावर आहेत."

मित्रांनो, सभेत काय होईल ते मला ठाऊक नाही. पण गाव येईल, कारण बोलावणं मी धाडलंय. मला शोभेला टांगू नका. ज्याला ठासून काही सांगायचं असेल, त्याच्या हाती मला द्या. आणि हो, पाचरी केरात टाकू नका.