कुलपी गोळ्याचा मान

खंडेनवमीच्या सकाळी दत्तोपंत शेंडुरकरांच्या गोळ्याने इतिहास मंडळाचा संडास उडवला. छपराचा पत्रा शेजारच्या पेरूच्या झाडावर जाऊन बसला. इतिहासाने मंडळासाठी केलेलं हे एकमेव ठोस काम.

असं काही झालेलं नाही. मंडळाच्या इतिवृत्तात त्या दिवशीचं एवढंच आहे: ‘शस्त्रपूजन यथासांग पार पडले. नारळ शिल्लक.’ ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं, हा नियम खुद्द दत्तोपंतांनीच मंडळाला घालून दिला होता. तेव्हा आपणही संडास जागेवर आहे असं धरून चालू.

दत्तोपंत कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत आणि रविवारी डोंगरांत जुनी हत्यारं धुंडाळत. जगात माणसं दोन प्रकारची: पन्हाळ्याचा वेढा समजलेली आणि बाकीची. पहिल्या प्रकारात सध्या ते एकटेच होते. बाकीच्यांतही अगदी तळाला कोण, तर मंडळाचे अध्यक्ष नृसिंहराव वकील.

मंडळात खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडून पुजायची आणि त्यांतल्या सर्वांत मानाच्या हत्यारावर नारळ फोडायचा, असा रिवाज होता. गेली कित्येक वर्षं तो नारळ नृसिंहरावांच्या दगडी तोफगोळ्यावर फुटत होता. हा तोफगोळा म्हणजे वकिलांच्या आजोळच्या गोठ्यातला, म्हशीच्या दाव्याला बांधायचा धोंडा, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. दत्तोपंत दर वर्षी त्या नारळाचं खोबरं खात आणि ते त्यांना दर वर्षी खवट लागे. मरायच्या आधी एकदा तरी नारळ आपल्या वस्तूवर फुटावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्रेपन्न साली भाद्रपदात देवाने ते ऐकलं. देवालाही कधी कधी काम नसतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याला चांदमारीचा माळ आहे. महायुद्धात पलटणी तिथे नेमबाजी शिकायच्या, म्हणून ते नाव. दत्तोपंतांच्या मते तिथे कुणी चांदखान नावाचा सरदार मारला गेला होता. पावसाने धुपलेल्या त्या मातीत त्यांना एक लोखंडी वस्तू सापडली. वांग्याएवढी, मागे शेपटी, शेपटीला पत्र्याचे पंख. दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळाशे साठ साली राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफा डागल्या होत्या. त्यांचाच हा कुलपी गोळा! पोटात दारू ठासलेला, पडल्यावर फुटणारा. हा तेवढा फुटायचा राहिला होता.

तो त्यांनी उपरण्यात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेतला. कंडक्टरने वाकून पाहिलं आणि बाळाचं म्हणून अर्धं तिकीट फाडलं. दत्तोपंतांनी हुज्जत घातली नाही. तीनशे वर्षांच्या वस्तूला अर्धं तिकीट स्वस्तच होतं.

घरी कालिंदीबाईंनी गोळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“मला माहेराहून आणलंत तेव्हा एवढं सांभाळून नव्हतं आणलं.”

“तू ऐतिहासिक नाहीस.”

“होईन लवकरच. हे चुलीपाशी ठेवू नका म्हणजे झालं.”

त्यांनी मग तो चिंच लावून लख्ख घासला. घरात आलेलं भांडं घासल्याशिवाय त्यांना राहवत नसे. घासल्यावर अंगावर आकडे उमटले: एक, नऊ, चार, दोन.

ही बातमी पेठेत गेली तशी नृसिंहरावांची झोप उडाली. धोंड्याचा मान जाणार! त्यांनी सुभेदार हंबीररावांना गाठलं. हंबीरराव इटलीत लढून आलेले, तालमीच्या कट्ट्यावर बसून रोज एक जर्मन मारायचे. मंडळाच्या दिवाणखान्यात त्यांनी गोळा उचलला, उलटा केला आणि हसले.

“पंत, ह्यो मॉर्टरचा बाँब हाय की! दोन इंची. असलं ढिगानं उडीवलंय आमी.”

“सुभेदार, आपण पन्हाळ्याच्या वेढ्यात होता?”

“न्हाय.”

“मग बोलू नये.”

“आन तुमी व्हता व्हय?”

“मी कागदांतून होतो.”

नृसिंहरावांनी चष्मा पुसला. “आणि हे पंख, दत्तोपंत? सोळाशे साठात?”

“कल्पना त्यांची. पुढच्यांनी चोरली.”

“बरं, मग हा आकडा? एकोणीसशे बेचाळीस. हे साल नाही तर काय आहे?”

दत्तोपंत कीव आल्यासारखे हसले. “वकीलसाहेब, इंग्रज मोजून मारतो. हा त्यांचा एकोणीसशे बेचाळिसावा गोळा.”

उत्तर मूर्खपणाचं होतं, पण मंडळात याहून बरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नव्हतं. सभासदांनी माना डोलावल्या.

“ते राहू द्या,” नृसिंहराव घाईने म्हणाले. “सुभेदार, हा फुटेल का, ते सांगा.”

हंबीररावांनी गोळ्यावर टिचकी मारली, कान लावला. “फुसका. आतली दारू कवाच मेली. ह्येच्यापरास आमची म्हातारी जास्त वाजती.”

बाँब ओळखावा तर सुभेदारांनी, आणि तो मेलाय की जिता हे सांगावं तरी त्यांनीच. पहिलं बरोबर आल्यावर माणसाने गप्प बसावं, हे त्यांना पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं. मतदान झालं आणि नारळाचा मान दत्तोपंतांच्या गोळ्याला गेला.

खंडेनवमीला मागच्या पडवीत पाट मांडला. गोळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. धोंडा कोपऱ्यात, नुसत्या फुलावर. दत्तोपंतांनी धोंड्याकडे एक नजर टाकली, ‘हर हर महादेव’ म्हटलं आणि नारळ आपटला.

नारळ सटकला. चिंचेने घासलेलं लोखंड ते, त्यावर हळदीचं पाणी.

“जोरात हाणा की, पंत! मेलेल्याला काय भ्यायचं?” हंबीरराव ओरडले.

दुसऱ्या तडाख्याला गोळाच पाटावरून निसटला, पायऱ्या उतरला, अंगणाच्या उताराने माळेसकट घरंगळत गेला आणि संडासाच्या मागल्या, टोपली ओढायच्या झडपेतून आत शिरला. सगळे पोट धरून हसले. नृसिंहराव तर खाली बसले.

मग ते झालं, जे झालेलं नाही.

खजिनदार रोज त्या वेळी आत असत. त्या दिवशी प्रसादाच्या पेढ्यांसाठी पडवीत थांबले होते, म्हणून मंडळाला आजही खजिनदार आहे. धूर ओसरला तेव्हा हंबीरराव डोक्यावर पाट घेऊन आडवे होते. “ह्यो आमच्या पलटनीचा नव्हंच,” ते खालूनच म्हणाले.

दत्तोपंत मात्र हात उंचावून उभे होते. “फुटला! कुलपी गोळाच तो! आता बोला!”

नृसिंहराव उठले. धोतर झटकलं. दत्तोपंतांच्या हातातला नारळ त्यांनी घेतला, कानाशी हलवला. आत पाणी वाजत होतं.

“गोळा फुटला हे खरं,” ते म्हणाले. “पण मान नारळ फुटण्याचा असतो. नारळ शाबूत आहे. सबब मान आमच्या गोळ्याकडे कायम.”

“अहो, पण माझा गोळा...”

“कुठला गोळा? दाखवा.”

दाखवायला गोळा नव्हता, आणि संडासही नव्हता. सभासदांनी पुन्हा माना डोलावल्या. पोलिसांना काय सांगायचं हा प्रश्न होताच, तेव्हा काही झालंच नाही असं सर्वानुमते ठरलं.

कालिंदीबाईंनी संध्याकाळी विचारलं, “नारळ तरी आणायचात घरी. आमटीत पडला असता.”

दत्तोपंत टाक बुडवून लिहीत होते.

‘मुंबई येथील ब्रिटिश वकिलातीचे मुख्य साहेब यांचे सेवेशी. अर्जदार दत्तात्रय नारायण शेंडुरकर, राहणार कोल्हापूर, सविनय अर्ज करितो की, आपल्या राजापूर वखारीने सन सोळाशे साठात किल्ले पन्हाळ्यावर टाकलेल्या गोळ्यांपैकी अनुक्रम नंबर एकोणीसशे बेचाळीस हा गोळा अर्जदारास सापडून तो नुकताच कामी आला आहे. तरी मेहेरबानी करून बाकीचे एकोणीसशे एक्केचाळीस गोळे कोठे कोठे पडले याचा तक्ता सहीशिक्क्यानिशी पाठवावा, तसेच त्यांपैकी एखादा वखारीत शिल्लक असल्यास तो पुढील खंडेनवमीपूर्वी, शक्यतो खडबडीत पाहून, मंडळाच्या पत्त्यावर रवाना करण्याचा हुकूम व्हावा. नारळ इकडे तयार आहे.’