नवऱ्याच्या नावाचा रकाना

आपलं काम चोख आहे, असं फुलचूरच्या उमेंद्र पटलेला २००९ सालच्या दिवाळीपर्यंत वाटत होतं. गरोदर बायांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर त्यानं गोंदियातल्या ऑफिसात बसून दोन महिन्यांत उभं केलं. एकदा आरोग्य केंद्रात जाऊन बसावं, असं त्याच्या मनात होतं. साहेब म्हणाले, "टाइम किसके पास है? फॉर्म देखो और बना दो." उमेंद्रनं मान डोलावली. त्यात तो पटाईत होता.

तपासणीसाठी त्यानं घरच्यांचीच नावं भरली. सगळं झकास चाललं.

केंद्रांमध्ये ते सुरू झालं आणि पंधरा दिवसांत देवरीकडच्या आरोग्य केंद्रातून नर्स शकुंतलाबाईंचा फोन आला. "सर, बाया नवऱ्याचं नाव नाही घेत जी. नाव नाही भरलं तं तुमची मशीन अडून राहिली. इथं रांग दारापर्यंत गेली."

"काहीही भरा बाई, पुढं जाईल," तो म्हणाला. खुद्द त्याच्या आईनं, सुखवंताबाईनं, जन्मात कधी नवऱ्याचं 'धनलाल' हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर होतं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

शकुंतलाबाई सगळ्यांपुढं 'मालक' लिहू लागल्या. नाव, नवरा आणि गाव जुळलं की बाई एकच, असं उमेंद्रनं ठरवून ठेवलेलं. एका गावात दोन मंगली होत्या. एकीच्या अंगात रक्त जेमतेम सहा, दुसरीच्या अकरा. दुसरीची नोंद पहिलीवर बसली आणि धोक्याची लाल खूण पुसली गेली. धोक्याच्या यादीत नाव नाही म्हणून तिला आणायला दवाखान्याची गाडी गेली नाही. ती पहिली, चैतरामची मंगली, घरीच बाळंत झाली आणि रक्त जाऊन मेली.

साहेब म्हणाले, "डेटा एंट्री की गलती लिख दो." या वेळी मान हलली नाही. उमेंद्रनं देवरीची बस धरली. शकुंतलाबाईंनी त्याला खुर्ची दिली, पण दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, इतकी त्याला स्वतःची लाज वाटत होती.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. प्रत्येक बाईला वेगळा क्रमांक दिला, पुसलेल्या नोंदी परत आणल्या आणि यादी उघडली. पहिलीच ओळ लाल होती: मंगली, रक्त सहा, ताबडतोब गोंदियाला पाठवा.

शकुंतलाबाईंनी चष्मा सावरून ती वाचली.

"आता मशीन बराबर सांगून राहिली," त्या म्हणाल्या.