भिंतीवरून उतरवलेली पाटी

विंडसरच्या मराठी मंडळाने ज्यू लोकांचं जुनं सिनेगॉग विकत घेतलं, तेव्हा लताबाईंनी आधी भिंत निवडली, मग स्वयंपाकघर बघितलं. आत शिरल्यावर उजव्या हाताची भिंत. तिथे त्यांच्या चंद्रकांतांचं नाव लागायचं होतं, संगमरवरात, ठसठशीत. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं नाइट शिफ्ट करून ज्या माणसाने घरच्या बेसमेंटमध्ये मंडळ उभं केलं, त्याला मेल्यावर एक भिंतही मिळू नये?

पण त्या भिंतीवर आधीच पितळेची भलीमोठी पाटी होती. कुणाला न वाचता येणाऱ्या अक्षरांतली नावं, आणि प्रत्येक नावाशेजारी बोराएवढा बल्ब.

"देणगीदार असतील," मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे त्यांचाच मुलगा नंदन, म्हणाला. "आपल्याकडे नाही का, देवळातल्या पंख्यावरसुद्धा नाव असतं."

"मग उतरव. त्यांचं पुण्य पोचलं असेल त्यांना एव्हाना."

वायर कापली. पाटी बेसमेंटमध्ये नेऊन, भिंतीकडे तोंड करून उभी केली. वर चंद्रकांत झळकले.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला मसालेभाताचं पातेलं हवं म्हणून लताबाई खाली गेल्या. पाटीच्या कडांमधून उजेड झिरपत होता. त्यांनी पाटी ओढली. तिसऱ्या ओळीतला, शेवटून दुसरा बल्ब लागला होता. कापलेली वायर शेपटासारखी लोंबत होती.

"मला घाबरवताय? अरे, मी सासुरवास काढलाय!" त्या म्हणाल्या. पण पातेलं तिथेच राहिलं.

वर येतात तो दारात एक म्हातारा, टोपीवर बर्फ. चौकटीवर, नव्या रंगाखाली, काहीतरी तिरकं ठोकल्याची जुनी खूण होती. देवळाच्या उंबऱ्याला लावावीत तशी तिला त्याने बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली.

"मी नॉर्बर्ट. लहानपणापासून इथे येतो. बहिणीचा दिवा लावायचाय आज." मग त्याने भिंत बघितली. "ते सगळे कुठे गेले?"

"सगळे कोण?" नंदनने विचारलं.

"आमचे मेलेले."

ज्याचा दिवस असेल त्याचा बल्ब घरच्यांनी फिरवून लावायचा, असं त्याने सांगितलं. दिवस इंग्रजी तारखेने नाही, चंद्रावरून. दरवर्षी पुढेमागे होतो.

लताबाई नंदनकडे वळल्या. "तिथीच की हो! मेल्या नंदन, देणगीदार म्हणालास ना?"

"उतरव तूच म्हणालीस, आई."

तिघं खाली गेले. पाटी आता अंधारी होती. कुणी न सांगता नॉर्बर्टचं बोट तिसऱ्या ओळीत गेलं, शेवटून दुसऱ्या नावावर.

"फेगा. सहा वर्षांची होती." त्याने बल्ब फिरवला. लागणार कसा? पण त्याने हात झटकन मागे घेतला. "गरम आहे."

दुसऱ्याच दिवशी लताबाईंनी पाटी जागच्या जागी लावून घेतली, वायर जोडून घेतली.

"बाबांचा दगड समोरच्या भिंतीवर लावू," नंदन म्हणाला.

"नको. ज्यांना खाली ढकललं, त्यांच्या जागी बेसमेंटमध्ये आपला माणूस बसू दे जरा."

फाल्गुनात चंद्रकांतांची तिथी आली. भर दुपारी लताबाई बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून दगडासमोर बसल्या. मुद्दाम लाइट मालवून. चार वाजले, पाच वाजले. कुठेच काही उजळलं नाही.

"आई, चल ना घरी," नंदनने जिन्यावरून हाक मारली.

"तू हो पुढे," अंधारातून त्या खेकसल्या. "तुझे बाबा वेळेवर आलेत कधी?"