बिलावरची बाई

"ही कोण?" फॉर्म भरून देणाऱ्या बाईंनी विजेच्या बिलावरच्या नावावर पेनचं टोक टेकवलं.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पंख्याकडे पाहत होते.

"ह्यांची पत्नी," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही?"

"छे हो. ती वारली. अकरा वर्षं झाली."

बाईंनी बिल उचलून उजेडात धरलं. "हे मागच्याच महिन्याचं आहे."

"हो. बिलं वेळेवर भरते ती," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा भाऊ लहानपणापासून सांगत आलाय. मास्तरांनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

मी दात करते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि आम्ही मागच्या खोलीत बसून मेणात, मग साच्यात, कवळ्या घडवतो. बावीस वर्षं केलं हे काम. मग आमच्या मालकांनी दात कोरणारं यंत्र आणलं आणि सहा जणांपैकी चौघांना निरोपाचा नमस्कार केला. त्या चौघांत मी. नशीब असं की परदेशातल्या दातांच्या एका प्रयोगशाळेला अजून हाताने दात लावणारं माणूस हवं होतं, दोन वर्षांसाठी. तिथल्या नियमात जोडीदाराला सोबत नेता येतं. लग्न झालेलं नसलं तरी चालतं, म्हणे! जगात कुणाला तरी हे चालतं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी ते वाक्य मास्तरांना तीनदा वाचून दाखवलं.

अट एकच. दोघं निदान दोन वर्षं एका घरात, एका संसारात राहिलो, याचा पुरावा.

"एका पत्त्यावर आलेली पत्रं? दोघांचं मिळून बँकेतलं खातं? फोटो?" बाई विचारत गेल्या.

"घोरणं चालेल का? ह्यांच्या घोरण्याने मी अकरा वर्षं धड झोपलेली नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या प्रत्येक कागदावर भावाचा पत्ता होता. नातेवाइकांच्या लेखी मी घरातल्या म्हातारीला सांभाळणारी बाई, शेजाऱ्यांच्या लेखी लांबची भाची. फोटो होते, पण सगळ्यांत मधोमध त्या म्हाताऱ्या आई आणि मी एका कडेला, बशी हातात घेऊन. चोरानेही इतकी सफाई ठेवली नसती. अकरा वर्षं आम्ही मन लावून आमच्या संसाराचा माग पुसला होता, आणि आता तोच माग कुणीतरी कागदावर मागत होतं.

"बिल तुमच्या नावावर करून घ्या," बाई म्हणाल्या. "ते झालं पुढचं. मागच्या दोन वर्षांसाठी घरातल्या माणसाचं पत्र लागेल. घरात आणखी कोण?"

"आई," मास्तर पहिल्यांदाच बोलले. "माझ्या पत्नीच्या आई."

"मग त्यांनाच सांगा लिहायला."

"त्यांना माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"तुमच्या दोघांबद्दल?"

"मुलगी गेली, हे."

आई म्हणजे पहिलीच्या आई. मास्तर तलावावर पोहायला शिकवतात. त्यांची बायको तापाने गेली तेव्हा या आई दुसऱ्या दवाखान्यात होत्या, हृदयाच्या दुखण्याने. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आई घरी आल्या, त्यांनी विचारलं, ती कुठंय? मास्तर म्हणाले, तिला लांब नोकरी लागली. चार दिवसांसाठी मारलेली थाप ती. पण थापेचं असं असतं, की पहिल्या दिवशी सोपी, आठव्या दिवशी अवघड, आणि महिन्यानंतर ती आपल्याच घरात बिऱ्हाड करून बसते. आई पुन्हा कधी काही विचारेनातच. विचारलंच नाही, तर सांगायचं कसं?

त्याच वर्षी मी त्या घरात शिरले ती आईंची कवळी घेऊन. नीट बसेना म्हणून तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला कवळी छान बसली आणि मीही. आई मला दातवाली म्हणायच्या. "दातवाली, चहा टाक." "दातवाली, पडदा ओढ." माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. माझी खाट आईंच्या खोलीत होती. त्या खाटेवर मी किती झोपले, ते खाटेलाच विचारा.

आणि घरात ती होतीच. तिच्या नावाने लग्नाच्या पत्रिका यायच्या. "मॅडम आहेत का?" म्हणून फोन यायचे आणि मी सांगायचे, बाहेर गेल्यात. एकदा तर तिच्या नावाच्या पाकिटावर सही करून मीच ते घेतलं, आणि सही करताना हात जराही थांबला नाही, याची मला नंतर भीती वाटली. माळा आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला चपलांचा जोड सापडला, डावी टाच बाहेरून झिजलेली. मी घालून पाहिल्या. कशाला पाहिल्या, देव जाणे. अगदी बरोबर बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस जिना चढताना मला माझं डावं पाऊल बाहेर कलतंय असं वाटायचं. मागून कुणी येतंय असं कधी वाटलं नाही. पुढे कुणीतरी चाललंय आणि मी तिच्याच पावलावर पाऊल टाकतेय, असं वाटायचं.

पण तिचं खरं ठाणं ते विजेचं बिल. दर महिन्याला बिल आलं की आई ते स्वतः उघडायच्या, चष्मा लावायच्या आणि नाव मोठ्याने वाचायच्या, आडनावासकट. मग म्हणायच्या, "आलं हो लेकीचं बिल." मी आणि मास्तर हातातलं काम तसंच धरून ते ऐकायचो. नाव बदलायची आमची काय छाती होती? लग्न नोंदवायचं तर पहिलीच्या मृत्यूचा दाखला बाहेर काढायचा, चार माणसांना बोलवायचं, आणि त्यातलं एखादं आईंसमोर बोलून जायचं. मास्तरांनी लग्नाचं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मीच नको म्हणाले. मला फार काही कमी पडत नव्हतं. अगदीच पडत नव्हतं असंही नाही.

तर आता मास्तरांनी दाखला काढला, अर्ज केला आणि मीटर माझ्या नावावर झालं. पुढच्या महिन्याचं बिल आईंच्या हाती लागू द्यायचं नाही, असं ठरवून आम्ही दोघं आठ दिवस पाळीने दाराशी घुटमळत होतो. शेवटी व्हायचं तेच झालं. मी कपडे वाळत घालत होते, मास्तर तलावावर होते. आत आले तर आई खुर्चीत बसून पाकीट फाडत होत्या.

त्यांनी चष्मा लावला. बिल जवळ नेलं, लांब धरलं. ओठ हलले, पण आवाज नाही. माझ्या हातात मास्तरांचा ओला सदरा होता आणि त्याचं पाणी पायावर ठिबकत होतं.

"हे तुझं नाव?" आई म्हणाल्या.

"आई, ते चुकून... ऑफिसातल्या लोकांनी काहीतरी घोळ..."

"गप गं. बस इथे."

मी बसले.

"मी दवाखान्यातून आले ना, तेव्हा तिच्या चपला दाराशी होत्या," आई म्हणाल्या. "तिचा एकच जोड. चपला ठेवून कुणी नोकरीला जातं का? दुसऱ्या दिवशी बघते तर चपला गायब. जावयाने लपवल्या. मी म्हटलं, लपवू दे बापड्याला. त्याला सांगवत नाही, मला ऐकवत नाही."

हातातला ओला सदरा मी मांडीवरच पिळला.

"मग दर महिन्याला ते नाव..."

"अगं, या घरात तिचं नाव घेतं कोण? जावई घेत नाही. तू तर काय घेणार! मेलं ते विजेचं ऑफिस तेवढं आठवणीने घ्यायचं. मी मोठ्याने वाचायचे, भिंतींना तरी ऐकू जाऊ दे म्हणून." त्यांनी बिलाची घडी घातली. "आणि तुझ्या त्या खाटेचं एक सांगते. ती खाट कुरकुरते. माणूस कुशीवर वळलं की कुरकुरते. अकरा वर्षांत ती एकदाही कुरकुरली नाही. मला काय कळत नाही होय?"

मी हसले की रडले ते आठवत नाही. दोन्ही केलं असावं. आई मात्र रडल्या नाहीत, त्यांनी चहा मागितला.

संध्याकाळी मास्तर आले. मी सगळं सांगितलं तेव्हा ते आधी माळ्यावर चढले आणि तो जोड घेऊन खाली आले. आईंच्या पायाशी ठेवला. "चुकलो आई," एवढंच म्हणाले. अकरा वर्षांचं ओझं त्या माणसाने दोन शब्दांत खाली ठेवलं. आईंनी डावी टाच अंगठ्याने चाचपली आणि म्हणाल्या, "कायम अशीच झिजवायची."

पत्र आईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. तीन दुपारी लागल्या. फॉर्मवाल्या बाईंनी ते वाचलं आणि फाईलमध्ये सगळ्यांत वर लावलं. त्यात लिहिलं होतं: माझी मुलगी अकरा वर्षांपूर्वी वारली. त्याच वर्षापासून माझा जावई आणि ही दात करणारी बाई एका घरात, एका संसारात राहतात, आणि मी त्यांच्यात राहते. दोघं भांडतात, पण अन्नावर राग काढत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सात आठवड्यांनी मंजुरी आली. माझी आणि मास्तरांची, दोघांचीही.

आईंसाठी आम्ही एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. स्वच्छ होता, खिडकीशी पलंग होता, तिथल्या बाईही गोड बोलायच्या. फॉर्मवाल्या बाईंना मी विचारून पाहिलं होतं, की आईंना नेता येईल का. त्यांनी नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. मेलेल्या बायकोची आई, असा रकाना कुठल्या देशाच्या फॉर्मात असणार?

मंजुरीचं पत्र मास्तरांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पोहायला शिकवताना पहिला नियम काय माहितेय? हात सोडायचा तर सांगून सोडायचा. सांगून सोडला तर माणूस गटांगळी खाईल, पण तरंगेल. न सांगता सोडला की आयुष्यभर पाण्याला भितं."

"मग सांगून सोडा ना."

"एकदा न सांगता सोडलाय गं मी त्यांचा हात. आता दुसऱ्यांदा सांगून सोडायची हिंमत नाही."

मी भांडले. खोटं कशाला बोलू, खूप भांडले. म्हणाले, पहिली मेल्यावरही तुमच्या घरात तीच, आणि मी जिवंत असून कुठेच नाही. म्हणाले, मग मीही जात नाही. मास्तर म्हणाले, तुझे हात यंत्राने रिकामे केलेत, ते इथे बसून गंजतील, आणि त्याचा दोष तू आयुष्यभर मला देशील. माणूस खरं बोलला की फार राग येतो. मंजुरीचं त्यांचं पत्र त्यांनी घडी घालून कपाटात ठेवलं, त्या मृत्यूच्या दाखल्याच्या खणात.

निघायच्या दिवशी आई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "चपला घेतल्यास?"

"पायात आहेत, आई."

"बाकीच्या?"

"बाकीच्यांचं काय करू तिकडे? बॅगेत जागा नाही."

"सगळ्या घे. एक जोड मागे ठेवायचा नाही. घरातल्या घालायच्याही घे."

मास्तरांनी बॅग पुन्हा उघडली. दोन स्वेटर बाहेर आले आणि माझे सात जोड आत गेले. झिजलेले, अंगठा तुटलेले, एक तर फक्त पावसात घालायचा. दाराशी मास्तरांचा जोड आणि आईंच्या सपाता उरल्या. आईंनी नीट वाकून पाहिलं, मगच मला जाऊ दिलं.

इथे माझी एकच खोली आहे. सातही जोड मी दाराशी ओळीने लावले आहेत. शेजारच्या बाईंनी परवा विचारलं, तुमच्या घरात माणसं किती? मी बोटांवर मोजून म्हणाले, चार. का म्हणाले कोण जाणे, पण दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

महिन्यातून एकदा माझ्या जेवणाच्या सुट्टीत मास्तरांचा फोन येतो. आईंचं आता बरंच विसरायला होतं. मास्तरांना त्या कधी कधी डॉक्टर समजतात, कवळी कुठे ठेवली ते आठवत नाही. पण बिल त्याच उघडतात. मास्तर फोन त्यांच्याजवळ धरतात. पाकीट फाटल्याचा आवाज येतो, मग चष्म्याची डबी वाजते. कुणाच्या तरी वरच्या दातांचं मेण माझ्या हातात असतं आणि ते मी तसंच धरून ऐकते.

काल आईंनी माझं नाव वाचलं. मोठ्याने, आडनावासकट. "आलं हो लेकीचं बिल."

"ती कुठंय, आई?" मास्तरांनी विचारलं. कशाला विचारलं, असं मला झालं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या उठून दाराकडे बघत असणार.

"नोकरीला गेलीय लांब," त्या म्हणाल्या. "खरीच गेलीय हो. बघा ना, चपला नाहीत दाराशी."