वहीतली शेवटची नोंद

बंद पडलेल्या डिस्कांतून लोकांच्या फायली काढून देणं हे ताईचं रोजचं काम. परक्यांच्या डिस्कांपुढे ती कधी गोंधळली नव्हती. ही डिस्क मात्र बाबांची होती. वीज गेली आणि त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला, त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. बाबा काही परत आले नाहीत, आणि कॉम्प्युटरलाही कुणी हात लावला नाही.

बाबांशी भांडून घर सोडून गेलेला धाकटा भाऊ आता रोज फोन करून एकच विचारायचा, "ताई, बाबांनी माझ्यासाठी काही लिहून ठेवलंय का गं?"

ताईने डिस्कच्या हुबेहूब दोन प्रती काढल्या. पहिली उघडताना सवयीने 'दुरुस्ती नको'वर खूण केली. आत 'धाकट्यास' नावाची फाइल निघाली. त्यात एकच ओळ होती: या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस.

ताईने ती ओळ पुन्हा वाचली. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून तिने दुसरी प्रत उघडली, तीही फक्त वाचण्यापुरती. फाइल गायब. पहिली कालपासून उघडीच होती; तिच्यात पाहिलं, तर आहे. पुन्हा दुसरी, तर नाही. आपल्याच हातून पुसली गेली की काय? पण नुसतं बघितल्याने कधी काही पुसलं जातं का? दुपारपर्यंत तिचं डोकं पार भंजाळून गेलं. शेवटी तिने शेजारच्या टेबलावरच्या काकांना हाक मारली. काका तिशीपासून हेच करत आलेले, जिभेने तिखट.

"हे मी तुला सांगायचं?" काका म्हणाले. "नव्यांना तूच शिकवतेस ना? डिस्क कुठलंही काम आधी स्वतःच्या आतल्या वहीत टिपते, मग करते. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना वही वाचून राहिलेलं काम उरकते. तीच तिची दुरुस्ती."

"पण मी तर फक्त वाचायला उघडली होती."

"तू लिहिणार नव्हतीस. तिने लिहू नये, हे वेगळं सांगावं लागतं. काल पहिलीला 'दुरुस्ती नको'ची खूण केलीस, आज दुसरीला विसरलीस."

बापाची डिस्क समोर असली की एवढं साधंही सुचत नाही माणसाला. ताईने पहिल्या प्रतीतली ती वही उघडली. शेवटची नोंद वीज जाण्याच्या दोन सेकंद आधीची होती: 'धाकट्यास' पुसून टाकणे. पुसलं होतं ते बाबांनी. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

संध्याकाळी फोन आलाच. "लिहिलं होतं का काही?"

"लिहिलं होतं. मग त्यांनीच पुसलं."

"काय लिहिलं होतं?"

"ते सोड. पुसलं, एवढं लक्षात ठेव. आणि घरी ये."

फोन ठेवून तिने पहिली प्रत पुन्हा उघडली, त्यानंतर बाबांची मूळ डिस्क. 'दुरुस्ती नको'वर तिने दोन्ही वेळा खूण केली नाही. बाबांचं राहिलेलं काम तिने उरकू दिलं.