सरांच्या अक्षरातला उंट

माझा एक कोपरा बाकीच्या तिन्हींपेक्षा सहा मिलिमीटर जास्त झिजला आहे. मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे, आणि तो कोपरा एकाच घरात, एकाच टेबलावर झिजला.

कारखान्यात लांब पट्टीतून मला कापले, तेव्हा माझे चारही कोपरे टोकदार होते. मग सरांनी मला विकत घेतले. सर शाळेत बुद्धिबळ शिकवत. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते आणि बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवायला बसत. बुद्धिबळाचे शब्द सरांचे, बाकीचे बाईंचे, अशी वाटणी होती.

“राजा नुसता बसून, कामं सगळी वजिराला,” बाई म्हणायच्या. “अगदी आपल्या घरासारखं!”

“म्हणून तर डाव टिकलाय गं!” सर हसायचे.

तेव्हा मला फारसे काम नसे. “हा रबर म्हातारा होईल, पण झिजायचा नाही,” असे सर कौतुकाने म्हणत.

एके सकाळी कोड्यात आले, ‘पटावर तिरपा चालणारा, दोन अक्षरे’. सरांनी ‘घोडा’ लिहिले. ते अंघोळीला गेल्यावर बाईंनी मला उचलले, ‘घोडा’ पुसला आणि सरांसारख्याच डावीकडे झुकलेल्या अक्षरात ‘उंट’ लिहिले. पुढे हे रोजचेच झाले. दूध आणायला गेलेले सर घराची वाट विसरले, तेही बाईंनी कुणाला सांगितले नाही. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. “पुढच्या आठवड्यात बघू,” असे त्या स्वतःशीच म्हणत. रविवारी मुलगी यायची, कोडे बघून खूश व्हायची. “बाबा, एकही चूक नाही हं!” माझा कोपरा मात्र तिला कधी दिसला नाही.

मित्रांनो, चूक पुसणे हे माझे काम. ते मी मन लावून केले. पण तुम्ही पुसण्याआधी ती एकदा कुणाला तरी दाखवा. मी कागद स्वच्छ करतो, माणसाला बरे करत नाही.

गेल्या रविवारी ‘राजावर हल्ला’, एवढी दोन अक्षरे सरांना आठवेनात. पेन्सिल धरून ते बराच वेळ बसले. मग मुलीसमोरच बाईंना म्हणाले, “काहीतरी लिहून ठेवतो. नंतर तू पुसून नीट करतेसच ना?”

बाईंचा हात माझ्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

“चिमे,” त्या मुलीला म्हणाल्या, “यांना डॉक्टरांना दाखवायचंय. उद्याच.”